जांभळ्या फडक्याखालचे केस

“म्हाताऱ्याने केस कोरून ठेवलेली एखादी फळी उरलीय का गं?” गेनबेईने उंबऱ्यावर टेकतच विचारलं.

रिकूने नकारार्थी मान हलवली. चित्रं छापायच्या लाकडी फळ्या कोरणारे तिचे वडील योहेई जाऊन अठरा दिवस झाले होते. तेव्हापासून कामासाठी कुणी दार ठोठावलं नव्हतं, आणि भाऊ तिला गावी न्यायला निघालाही होता.

प्रकाशकाचा मुनीम गेनबेई थकून गेला होता. काल शिगेनोजो वारला. चाळीस वर्षं एदो शहराच्या रंगमंचावर स्त्री होऊन वावरलेला नट. त्याचं मृत्युचित्र, चाहत्यांसाठी छापलेलं आठवणीचं चित्र, परवा दुकानात टांगायचं होतं, इतरांच्या आधी. गेनबेईने चित्र उलगडलं. फिका निळा पोशाख, हातात जपमाळ, कपाळावर स्त्रीपार्टी नट बांधतात ते जांभळं फडकं. केसांच्या जागी चित्रकाराने नेहमीप्रमाणे नुसती कड काढली होती. आतला एकेक केस कोरणाऱ्यानेच आणायचा.

“योहेईसारखे केस आता कोण कोरणार?” तो म्हणाला.

“सहा वर्षं मीच कोरतेय, काका. बाबांना दिसत नव्हतं.”

गेनबेई हसला. “बाईच्या हातचे केस? मालक मला हाकलून देतील.”

रिकू चित्राकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “शिगेनोजो साठीचा पुरुष होता. सोळा वर्षांच्या पोरीसारखी मान वळवायचा. तेव्हा तुम्ही रडत होतात ना?”

गेनबेई पुन्हा चित्रावर वाकला. पुढ्यातला चहा निवला. उठताना त्याने चित्र तिथेच ठेवलं.

“कोपऱ्यात कोरणाऱ्याचं नाव योहेईचंच राहील,” तो म्हणाला. “पुढच्या कामांवरही.”

“राहू दे.”

तिने चित्र चेरीच्या फळीवर पालथं चिकटवलं. फडक्याच्या कडेखालून सुटलेल्या चार बटा चित्रात नव्हत्या, त्याही तिने कोरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केस झाले. पाठ भरून आली होती. उरलं होतं फक्त नाव.

ठशासाठी ते उलटं कोरावं लागे. सहा वर्षं ती ते न बघता कोरत आली होती, बाबा शेजारी खोकत बसलेले असताना. आज पहिल्याच रेघेला तिने सुरी खाली ठेवली. धारेच्या दगडावर पाणी घातलं. सुरीला चांगली धार होती, तरी ती बराच वेळ घासत राहिली.