आपण म्हणजे कोण

त्या सुट्टीत भिंगरीला कमवण्यासारखं पुष्कळ होतं. कायद्याचं कॉलेज, वडिलांच्या चष्म्याच्या दुकानातून सुटका, आणि ‘ही कुठेच टिकत नाही’ म्हणणाऱ्या आत्याचं तोंड बंद. वडिलांचा फायदा एकाच गोष्टीत होता. मुलगी दमून परत आली की काउंटर सांभाळायला हक्काचं माणूस मिळणार होतं. म्हणून त्यांनी अट घातली होती, “ज्या दिवशी एखादा वकील तुला हाताखाली ठेवून घेईल, त्या दिवशी मी प्रवेशाच्या कागदावर सही करीन.” अट घालताना ते काचा पुसत होते आणि गालात हसत होते.

भिंगरी हे अर्थात टोपणनाव. जेवतानासुद्धा तिचा एक पाय हलत असे.

पहिल्या वकिलाने विचारलं, “कितव्या वर्षाला?”

“कॉलेज अजून सुरू व्हायचंय.”

“मग झाल्यावर ये.”

दुसऱ्याने टायपिंग येतं का विचारलं, येतं म्हटल्यावर आपल्या मुलाचा शाळेचा निबंध टाइप करून घेतला आणि मग जागा नसल्याचं सांगितलं. घरी आत्या रोज दारातच विचारायची, “काय वकीलबाई, आज कुणाला सोडवलंत?”

शेवटी एका खऱ्या वकीलबाईंचा दुरुस्तीला आलेला चष्माच उपयोगी पडला. दांडी बसवून तो पोचवायला भिंगरी गेली आणि ‘कामावर ठेवा’ म्हणत तिथेच अडून उभी राहिली.

“बस,” वकीलबाई म्हणाल्या.

“नको, उभीच बरी आहे.”

“या धंद्यात बसावं लागतं, बाई. लोक तारखेची वाट बघत म्हातारे होतात.” त्यांनी चष्मा लावून तिला नीट पाहिलं. “उद्यापासून ये. फायली लाव. बाहेरच्या खोलीत कुणी आलं तर पाणी विचार. बाकी काही विचारू नकोस.”

भिंगरीने पाणी विचारलं, आणि बाकीही सगळं विचारलं. टेलरमास्तर आले तेव्हा वकीलबाई कोर्टात होत्या. मास्तरांच्या शर्टाला टाचण्या तशाच टोचलेल्या होत्या. त्यांच्या गाळ्याच्या मालकिणीने त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला होता, आणि वकीलबाई त्या मालकिणीच्या होत्या. मास्तर समोरच्या बाजूचे, हे भिंगरीला कळलं. पण त्यांची गोष्ट अर्ध्यावर थांबवणं तिला जमलं नाही.

“तुम्ही इथल्याच ना?” मास्तरांनी विचारलं.

“हो तर. काळजी करू नका, मास्तर. आपण काहीतरी मार्ग काढू.”

तिच्या त्या ‘आपण’मध्ये ती होती, मास्तर होते, वकीलबाई होत्या, झालंच तर टेबलावरचा पाण्याचा जगही होता. मास्तरांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला, की प्रकरण आता मिटलं. ते पाणी पिऊन हलक्या मनाने शिवायला गेले.

कोर्टाच्या तारखेला सकाळी वकीलबाई खुशीत होत्या. “तो टेलर आज यायचा नाही, असं मालकीण म्हणते. मिटलं म्हणून गल्लीभर सांगत सुटलाय. कुणी सांगितलं देव जाणे. हजर राहिला नाही तर एकतर्फी हुकूम मागू.”

भिंगरीच्या हातातली फाईल जागच्या जागी गोल फिरली. बोलली तर नोकरी जाणार, आणि तिच्याबरोबर ‘आधी टिकून दाखव’ म्हणत वडिलांनी लांबवलेली सही. गप्प राहिली तर मास्तरांचा गाळा जाणार, तोही तिच्या एका शब्दापायी. वकीलबाई कोट घालायला आत वळल्या आणि ही जिना उतरून पळाली.

पुकारा झाला तेव्हा मास्तर गळ्यात टेप अडकवूनच कोर्टात शिरले आणि हात जोडून मुदत मागितली. मिळाली. वकीलबाईंनी मागे वळून पाहिलं. दारात भिंगरी धापा टाकत उभी होती.

व्हरांड्यात त्यांचा आवाज चढला नाही, हेच जास्त वाईट.

“त्याला तूच म्हणालीस, मिटेल म्हणून?”

“मी म्हटलं, आपण मार्ग काढू.”

“आपल्याकडे ‘आम्ही’ म्हणायचं असतं. ‘आम्ही’ म्हटलं की समोरच्याला कळतं, तो बाहेर आहे. चूक निस्तरलीस ते ठीक. पण आधी मला सांगायचं होतंस. मीच त्याला निरोप धाडला असता. तू माझ्या खोलीत ऐकलेलं माझ्या पाठीमागे बाहेर नेलंस. उद्यापासून येऊ नकोस.”

घराला लागूनच असलेल्या दुकानात तिने सगळं सांगितलं. वडिलांनी काउंटरची फळी उचलून धरली. “या मग आत.”

भिंगरी आत गेली नाही. “तुम्ही म्हणाला होतात, ज्या दिवशी ठेवून घेईल त्या दिवशी. किती दिवस ठेवायचं, ते कुठे म्हणालात?”

वडील आत्याकडे बघू लागले. आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली, “शब्द तुझेच आहेत, दादा. आता कर सही. ही उभी राहिली की माझी मान दुखते.”

हिशेब असा. मास्तरांना मुदत मिळाली, आत्याला वर्षभर पुरेल एवढी गंमत, भिंगरीला कॉलेज. मालकिणीला वाट बघावी लागली. वडिलांना हक्काचं माणूस गमवावं लागलं. ते स्वतःच काउंटरवर बसतात. वकीलबाई चष्मा आता दुसरीकडे दुरुस्त करून घेतात. आणि भिंगरी कॉलेजला जाताना त्यांच्या दारासमोर पोचली, की रस्ता ओलांडून पलीकडून चालते. त्या ‘आपण’चा तिच्या वाट्याला आलेला भाग ती असा रोज थोडा थोडा फेडते.