तिची तीच एक बाजू

या, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते. लहानशीच आहे, पण मोठ्यानं सांगण्याजोगी नाही. नाव मात्र कुणाचं विचारू नका; देवाला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

एका घरात लेक जन्मली. गुटगुटीत, दणदणीत रडणारी. पण उजव्या छातीवर बोंडच नव्हतं, नुसती सपाट कातडी. डावी बाजू मात्र टम्म फुगलेली. डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "उजवीकडचं जन्मजात आहे, तिथं ती मोठी झाल्यावरही छाती भरणार नाही; त्याला आत्ता काही करता येत नाही. डावीकडची सूज पुष्कळ बाळांना येते, आपोआप उतरते. फक्त दाबू नका. तिची तीच एक बाजू आहे."

आईनं हे नवऱ्याला सांगितलं, सासूला नाही. सासू मायाळू, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. आज तिला सांगावं, तर उद्या गल्लीभर पोरीच्या लग्नाची चिंता सुरू. म्हणून बाळाला न्हाऊमाखू आई स्वतःच घाली, दाराला कडी लावून.

"सोनं दडवलंयस का गं तिच्या अंगावर?" सासू बाहेरून चिडवी. "माझ्या हाताखालून चार पोरं गेली, एकही पाण्यात विरघळलं नाही!"

मग आईलाच तापानं घेरलं. ती ग्लानीत, नवरा कामावर. सासूनं हौसेनं पाणी तापवलं, झबलं काढलं आणि थबकली. एक बाजू सपाट, एक फुगलेली. म्हातारीनं आपल्या अनुभवाचा हिशेब मांडला: दूध एकाच बाजूला साचलंय, ते काढलं की दोन्हीकडे सारखं होईल. चारही पोरांचं असंच पिळलं होतं तिनं. देवाचं नाव घेत तिनं दोन बोटांनी दाबलं. पांढरा थेंब आला तशी खूश झाली. संध्याकाळी पुन्हा दाबलं.

डावी बाजू लालबुंद झाली, पू धरला. दवाखान्यात चीर द्यावी लागली.

"जिच्यातून पुढे छाती भरते, ती आतली गाठ वाचली ना?" आईनं विचारलं.

"ते ती वयात येईल तेव्हाच कळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर सासू म्हणाली, "एका शब्दानं सांगायचं होतंस गं मला."

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, आई."

पण बोलता बोलताच आईला आठवलं: कडी तिनंच तर लावली होती.

घरी परतल्यावर शेजारीण डोकावली. "काय हो, पट्टी कसली बाळाला?"

आत आईनं श्वास रोखून धरला.

"गळू होतं. फुटलं," सासू म्हणाली, आणि तिनं दार लोटून घेतलं.

पुढच्या अंघोळीला आईनं कडी लावली नाही. "आई, येता का?"

"माझे हात नकोत गं आता."

"या हो. तुम्ही पाय धरा, मी छाती पुसते."

पोरगी अजून लहान आहे. उत्तर तिच्याच अंगात दडलंय. तुम्ही हात जोडाल तेव्हा तिची आठवण ठेवा. आणि त्या म्हातारीचीही; देवापाशी बसली की हल्ली ती पोरीची ती एक बाजू तेवढी मागते.