अग्लायाच्या मटाराचा वारा

मित्रांनो, तळहातावर मावेन एवढा मी एक जुना पंखा आहे. तुमच्या घरी पंखा छताला टांगतात. माझ्या घरी छत कोणते आणि जमीन कोणती यावरच एकमत होत नाही, कारण मी अवकाशस्थानकात राहतो. इथे कशालाच वजन नाही. सोडलेला श्वास आपणहून दूर जात नाही, तोंडापाशीच साचतो. पाणी खाली उतरत नाही, जिथे लागेल तिथे चिकटून बसते. म्हणून इथे माणसालाही वारा घालावा लागतो आणि रोपालाही.

मॉस्कोजवळच्या एका कारखान्यात क्लावदिया नावाच्या बाईंनी माझी पाती बसवली, एक फुंकर मारली आणि मी गर्रकन फिरलो. "हा बडबड्या निघणार," असे त्या हसून म्हणाल्या. माझी गुणगुण तेव्हापासूनच जरा मोठी आहे. पुढे मालवाहू यानात पिशव्यांच्या ढिगात दबून मी वर आलो आणि स्थानकाच्या जुन्या भागात ग्लेबिचच्या मटारापाशी मला रबराने बांधण्यात आले.

ग्लेबिच म्हणजे वेनियामिन ग्लेबोविच, आमचे प्रमुख. मिशा पिकलेल्या आणि जीभ तिखट. हा मटार त्यांच्या बायकोच्या, अग्लायाच्या, बागेतला. ती वारली तेव्हापासून बाग ओसाड होती. तिने वाळवून ठेवलेले शेवटचे मूठभर दाणे ग्लेबिच इथे घेऊन आले आणि सगळेच्या सगळे पेरून मोकळे झाले.

"सगळे?" त्यांची सहकारी तैसिया ओरडली होती. तिला सगळे ताया म्हणत. "अहो, चार तरी मागे ठेवायचे!"

"कुठले चार ठेवू, हेच ठरवत बसलो असतो मग."

वेल वाढला, त्याला इवल्या शेंगा धरल्या. शेंगा पिकल्या की दाणे परत न्यायचे आणि अग्लायाच्या बागेत पेरायचे, एवढ्या एकाच आशेवर ग्लेबिच दिवस काढत होते. रोज सकाळी ते माझी धूळ पुसत. "तू फिरतोस म्हणून हा वेल जगतो आहे, बरं का," असे म्हणत. मला फार बरे वाटे.

मग स्थानकाला नवी प्रयोगशाळा जोडली गेली. दार उघडल्यावर ग्लेबिचने पाहुण्यांच्या स्वागताच्या त्यांच्या रीतीप्रमाणे पाव आणि मीठ पुढे धरले. मीठ उधळले तर इथे डोळ्यांत जाते, म्हणून मिठाच्या पाण्याचा एक थेंब. "या बाई, घर आपलंच आहे," असे ते त्या रिकाम्या खोलीला म्हणाले. प्रयोगशाळा मोठी देखणी होती, पण आत काहीच चालू नव्हते. प्रवासासाठी घट्ट आवळलेले बोल्ट काढायचे होते, तारा आणि हवेच्या नळ्या जोडायच्या होत्या. तोवर आतली हवा विहिरीतल्यासारखी कोंदलेली होती. एका कोपऱ्यात रोपांसाठी खास कपाट होते. त्यात पहिला मुक्काम अग्लायाच्या मटाराचा, हे ग्लेबिचने केव्हाच ठरवून टाकले होते.

ताया भिंतीचा एक पत्रा काढून आत डोके घालून तारा जोडत होती.

"एक बोल्ट किती वेळ फिरवशील? लग्न करायचंय का त्याच्याशी?"

"डोकं जड झालंय, ग्लेबिच. त्यात तुमची टकळी."

ते तरंगत जवळ आले. तिचा चेहरा पाहून त्यांची थट्टा थांबली. "अगं, स्वतःचाच उष्टा श्वास घेतेयस! थांब."

ते गेले आणि मला सोडवून घेऊन आले.

"मटाराचा वारा काढलात?"

"घटकाभर गं. मटाराला कुठं बोल्ट फिरवायचेत?"

पत्र्यामागे, तिच्या गालाजवळ, त्यांनी मला पक्के बांधले. तिच्या चेहऱ्यावर रंग परतला. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा दिवस होता. आज तोच दिवस आठवला की जीव कळवळतो.

काम संपले. दिवे लागले, प्रयोगशाळेचे मोठे पंखे घोंघावू लागले, जमिनीवरून शाबासकी आली. तायाने कोलांट्या मारल्या. त्या आनंदात ग्लेबिचने पत्रा लावला, बोल्ट आवळले आणि मी आतच राहिलो. मी गुणगुणत होतो, पण त्या नव्या घोंघावण्यात माझे कोण ऐकणार?

"पंखा कुठं ठेवला गं मी?"

"सुटला असेल. येईल जाळीवर."

इथे हातातून सुटलेली वस्तू हवेबरोबर वाहत जाते आणि हवा ओढणाऱ्या जाळीला जाऊन चिकटते. चमचा असो की चष्मा, शोधायचे कष्ट कुणी घेत नाही. सकाळी जाळी बघायची. त्या जाळीवर सगळ्यांचा देवासारखा विश्वास. मी मात्र सुटलो नव्हतो. मी बांधलेला होतो.

पुढचे दिवस दोघे नव्या घरातच रमले. कपाटे लावली, सूक्ष्मदर्शक बसवला, झोपायलाही तिथेच. सकाळी जाळीवर एक मोजा सापडला, तायाचा केसांचा रबर सापडला.

"आळशी आहे लेकाचा, येईल उद्या," ग्लेबिच म्हणाले. "आणि मटाराला मी भरपूर पाणी पाजून आलोय."

पाण्याची आठवण त्यांनी ठेवली. वाऱ्याची राहिली नाही. अग्लायाच्या बागेत वारा कधी कुणाला घालावा लागला नव्हता. तिकडे वेल गुदमरत होता आणि इकडे मी कोऱ्या भिंतीला वारा घालत होतो.

रोपांचे कपाट तयार झाले तसे ग्लेबिच मिशा विंचरून मटार आणायला गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा ट्रेमधला वेल काळा पडला होता. पाणी देठांना जाड थराने चिकटले होते आणि शेंगा कुजल्या होत्या. तायाने एकेक शेंग सोलली. धड दाणा एकही निघाला नाही.

अचानक तिचा हात स्वतःच्या गालाकडे गेला. ती भिंतीकडे झेपावली, बोल्ट काढले. मी आत फिरतच होतो.

"माझ्यामुळे, ग्लेबिच." तिचे अश्रू ओघळेनात, डोळ्यांवरच फुगून राहिले. ग्लेबिचने ते बाहीने टिपले.

"तुला वारा दिला त्याचं काही वाटत नाही गं. परत न्यायला मीच गेलो नाही. एवढं जवळ होतं." मग ट्रेकडे बघत ते हळूच म्हणाले, "आता तिच्या बागेत काय पेरू?"

कपाटात आता जमिनीवरून आलेला दुसरा मटार जोमात वाढतो. लोक त्याचे कौतुक करतात. मला ग्लेबिचने पुन्हा जुन्या जागी, त्या रिकाम्या ट्रेपाशी बांधले.

ग्लेबिचची परतीची वेळ आली. ताया मात्र अजून इथेच राहणार होती. प्रवासाला निघण्यापूर्वी क्षणभर गप्प बसायचे, ही त्यांच्याकडची रीत. इथे बसता कुठे येते? भिंतीवरच्या दांडीखाली पायाची बोटे अडकवून, गुडघे वाकवून दोघे माझ्यापाशी थांबले. उठताना तायाने सवयीने माझ्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे चालू."

"पण ग्लेबिच, इथं आता काही नाही."

"मला माहीत नाही का? राहू दे."

मित्रांनो, अडलेल्याला वारा जरूर द्या. पण तो कुणापासून काढून आणला हे विसरू नका, आणि काम झाले की आपल्या पायांनी परत नेऊन ठेवा. येईल आपोआप, असे म्हणू नका.

ग्लेबिचची बाग यंदाही ओसाडच आहे, असे ताया सांगते. ती माझी धूळ पुसते, पण मला बंद करत नाही. मी रिकाम्या ट्रेला वारा घालत असतो.