उघडलेला माल

नव्या प्रोसेसरची कुजबुज सुरू झाली आणि पाओ-चिनच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. तो प्रोसेसर अजून कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण समोरच्या गाळ्यातल्या त्सेंगने आपल्या चॅनेलवर ठासून सांगितलं होतं, की जुन्या मदरबोर्डवर तो चालणार नाही म्हणजे नाही. आणि ताइपेइतले सगळे हौशी लोक त्याच्या तोंडाकडे बघायचे. पाओ-चिनच्या फळ्या त्याच जुन्या बोर्डांनी भरलेल्या होत्या.

त्सेंग काही परका नव्हता. बाजार पुलाखाली होता तेव्हा तो आणि पाओ-चिनचा नवरा एकाच ठेल्यावर बसत, एकाच डब्यातला भात खात. नव्या इमारतीत आल्यावर मात्र त्याने जिन्याजवळचा मोठा गाळा एकट्याच्या नावावर करून घेतला. नवऱ्याने पुढे त्याच्याकडून घेतलेला कॉम्प्युटरचा एक बिघडलेला पंखा परत नेला, तर त्याने नुसतं काचेवरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलं: उघडलेला माल परत घेतला जाणार नाही. ते बोट पाओ-चिन नवरा गेल्यावरही विसरली नव्हती.

आता त्सेंगला तिचा गाळाही हवा होता.

"वहिनी, वेळेत गाळा सोडा," तो गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा. "बोर्डांची काळजी नको. दाराला अडकण म्हणून लावीन."

मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा एक चाचणीतला प्रोग्राम बाहेर फुटला. तो बोर्डात भरला की जुना बोर्डही नव्या प्रोसेसरला ओळखेल, असं लोक बोलू लागले. त्सेंगने शनिवारी दुपारी कॅमेरा लावला, गर्दी जमवली आणि पाओ-चिनकडूनच एक बोर्ड विकत घेऊन त्यावर आपला जुनापुराणा प्रोसेसर बसवला. प्रोग्राम भरला, बंद करून पुन्हा चालू केला. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला.

"ज्याला घरचा म्हातारा ओळखू येत नाही," तो कॅमेऱ्याला म्हणाला, "तो नवी सून काय ओळखणार?"

लोक हसले. मशीन गुणी राहावं म्हणून तिथे सगळेच ठेवतात तशी पाओ-चिनच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी दाखवून, तारीख उलटली असेल, म्हणूनच मशीन रुसलं, असंही कुणी म्हणालं.

पाओ-चिनला पुलाखालची एक दुपार आठवली. असाच एक बोर्ड असाच मुका झाला होता. बोर्डावरच्या चिपमध्ये जागा थोडी, नव्यांची ओळख भरायची तर सगळ्यात जुन्यांची पुसावी लागते, असं नवरा म्हणाला होता. त्सेंग तेव्हा शेजारीच बसलेला. विसरला असेल, किंवा नसेलही.

खरं-खोटं करायला फार जुना नाही असा प्रोसेसर हवा होता. तिच्याजवळ तसा एकच होता, गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये. नवऱ्याने हातांनी जोडलेला तो शेवटचा. प्रोसेसर थंड ठेवणारा आतला लेप वाळून घट्ट चिकटलेला. जोर लागला तर खालच्या पिना वाकणार. आणि एवढं करूनही पडदा काळाच राहिला, तर गाळा सोडण्यावाचून गत नव्हती.

तिने कॉम्प्युटर बंद केला, हिरवी पुडी बाजूला ठेवली, झाकण काढलं, आणि गरम आहे तोवर पंख्याखालचा ठोकळा हळूहळू पिळून सोडवला, नवरा सोडवायचा तसा. मग समोर गेली.

"सरका, भावोजी."

"माझ्या बोर्डाला हात लावायचा नाही."

"कॅमेऱ्याकडे बघून सांगा."

तो सरकला. तिने प्रोसेसर बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं.

गर्दीतला एकजण ओरडला, जुन्यांना हाकललंय ते नव्याला जागा करायला. नवा खरंच येईल का, हे अजूनही कुणालाच ठाऊक नव्हतं. पण अंदाजच बांधायचा तर आता लोकांना हा गोड वाटत होता. संध्याकाळपर्यंत तिच्या दोन फळ्या रिकाम्या झाल्या.

दुकानं आवरताना त्सेंग तो बोर्ड घेऊन आला. आवाज मऊ होता. म्हणाला, माझा प्रोसेसर काही यावर चालत नाही, परत घेता का?

पाओ-चिनने बोर्डातला आपला प्रोसेसर तेवढा काढून घेतला. मग त्याच्या खांद्यावरून, समोरच्या काचेवरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलं.