बोटीखालचे दोन दगड

"बोट कुठाय, काका?" तेजश्रीनं विचारलं, तेव्हा त्याच बोटीत तोंडं घालून मेंढरं पाणी पीत होती.

झुंबरनं हनुवटीनं दाखवलं.

तेजश्री बघतच राहिली. पुण्याहून जीपच्या टपावर पट्टे-दोर बांधून ती भिगवणजवळच्या या वस्तीवर आली होती, आपल्या मित्राची, सुमितची, लाल कयाक, एकट्यानं बसायची वरून झाकलेली बोट, न्यायला. ती कयाक ग्राइंडरनं आडवी कापलेली होती. खालच्या अर्ध्याची मेंढरांना पाणी पाजायची डोण झाली होती. वरच्या अर्ध्याखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि परक्या बाईकडं संशयानं बघत होती. वल्हं तेवढं अख्खं होतं. त्यावर झुंबरच्या बायकोनं, साखरबाईनं, धुण्याची दोरी तोलली होती.

सुमित झुंबरचा एकुलता एक. बाप लोणी देवकरच्या कारखान्यात फिटर; पोरानं तिथंच चिकटावं असं ठरलेलं. पोरगं गेलं हिमाचलात. डोंगरातून कोसळणाऱ्या ओढ्यांत, खडकांवरून बोट घालायची आणि खाली पोचल्यावर हसायचं, असं काहीतरी ते काम होतं. वस्तीला ते कधी उमगलं नाही. इकडं पाणी एकतर धरणात उभं असतं, नाहीतर पाटाला पाळीनं येतं. ते उड्या मारतं म्हणजे लोकांना बेशिस्तच वाटायची.

"बोट डोक्यावर घिऊन डोंगर चढायचा, आन् खाली यायला बोटीत बसायचं," शेजारचे दादासाहेब म्हणायचे. "मग चढलाच कशाला?"

उन्हाळ्यात सुमित पेटीतून घरी आला. बोट मागाहून ट्रान्सपोर्टनं आली. झुंबर पेटीपाशी रडला नाही, बोटीपाशीही नाही. पोरगा नेमका कसा गेला, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. पण बोट अंगणात पडून राहिली आणि येणारा-जाणारा तिच्याकडं बघून डोळ्यांना पदर, नाहीतर टोपी लावू लागला. तेव्हा एका सुट्टीला त्यानं ती कापली. डोणीकडं बघून कोण रडतंय!

"आम्ही सगळे मिळून ती त्याच ओढ्यातून खाली नेणार होतो," तेजश्री म्हणाली. "त्याचं उतरणं अर्धं राहिलं ना. मी फोन केला होता, काका."

"व्हय. तवा कापून झाली हुती. फोनवर कसं सांगायचं?"

साखरबाई चहा घेऊन बाहेर आली. "ह्यांचं मनावर घिऊ नगंस, बाई. उद्या मला बी कापून कणगी करतील."

तेजश्रीला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. ती डोणीपाशी बसली. "हे दगड कशाला?"

"तळ गोल हाय तिचा. मेंढरानं तोंड लावलं की कलती." झुंबरला पहिल्यांदाच बोलायला विषय सापडला. "म्हून दोन्हीकडनं दगड ठोकल्यात. बगा." त्यानं पायानं ढकलून दाखवलं. "मेंढा चढू दे. हलायची न्हाय."

तेजश्रीनं कप खाली ठेवला.

"काय झालं?"

"काका, तो असाच…"

"आसाच म्हंजी?"

"बोट दोन दगडांत अडकली. वरून पाणी पडत होतं. आम्ही दोर टाकला, सगळ्यांनी ओढलं. हललीच नाही."

कारखान्यात मशीन का बंद पडलं ते ऐकावं, तसं झुंबरनं ऐकून घेतलं.

"यक बी दगड ढिला नव्हता?"

"नाही."

"हां." कोंबडी खाकरल्यासारखं करून पुन्हा बसली. "काय बोलत हुता का त्यो?"

"पाण्याचा आवाज फार होता, काका."

साखरबाईनं दोरीवरची धुणी काढली आणि वल्हं तेजश्रीच्या हातात दिलं. "ह्ये तरी न्हे."

अख्ख्या बोटीसाठी आणलेले पट्टे त्या एकट्या वल्ह्याभोवती आवळून जीप हायवेकडं गेली.

झुंबर पहार घेऊन आला. त्यानं दोन्ही दगड उचकटले आणि लोटत लोटत बांधाच्या पलीकडं नेऊन टाकले. परत येतो तोवर मेंढ्यानं तोंड लावलं होतं. डोण कलली, डुलली, परत कलली. पाणी अंगणभर झालं.

"आवं, सांडतंय की समदं!" साखरबाई ओरडली.

"सांडू दे."

त्यानं बादली घेतली, हौदावरून भरून आणली आणि हलत्या बोटीत ओतली. मग दुसरी आणायला गेला.