न वाजलेला झेल

अर्धापूरच्या आमच्या शाळेच्या मैदानाला तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा आहेत. थंडीत सकाळी तिथून धुकं आत शिरतं आणि रांगेतल्या पोरी कमरेपर्यंत दिसेनाशा होतात. अशा वेळी शिट्टी फुंकायचंही जिवावर येतं, आणि मी तर शिट्टीवर जगणारी खेळाची बाई.

त्या धुक्यात आठवीतली शिवकन्या रडत होती. हँडबॉल अंगावर आला की ती डोळे मिटायची, हात फळीसारखे ताठ करायची. आज तर चेंडू नाकावरच बसला होता.

"मॅडम, मला जमायचं न्हाई. उद्यापासून मी वऱ्हांड्यातच बसते."

वऱ्हांड्यात बसलेली पोर पुन्हा मैदानात येत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. 'हात मागे घे' हे शब्द ओठांवर आले होते. पण ते वर्षभर ओरडून झालं होतं, आणि मी ओरडले की ती आणखी ताठ व्हायची. लातूरच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, उत्तर दाखवू नका, प्रश्न द्या. तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते.

जोड्या लावल्या आणि म्हणाले, "चेंडू झेलायचा, पण आवाज होऊ द्यायचा न्हाई. कसा, ते तुमचं तुम्ही शोधा."

"तुम्ही एकदा करून दाखवा की," शिवकन्येची जोडीदार आरती म्हणाली.

"मी न्हाई दाखवणार."

माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून त्यांच्याकडे पाठ करून बागेकडे बघत उभी राहिले. मागे थप्प, थप्प चाललं होतं. हळूहळू ते मऊ होत गेलं. मधूनच चेंडू मातीत धप्प पडे, तो शिवकन्येचा. पानांवरून दव ठिबकत होतं. सगळं मैदान झोपेत आहे आणि मी त्याच्या स्वप्नात उभी आहे, असं वाटायला लागलं.

मग मागे काहीच वाजेना.

गेली वाटतं वऱ्हांड्यात. डोळे भरून आले, तरी मी चिडूनच ओरडले, "आरते, टाक की गं चेंडू!"

"टाकून राहिले की मॅडम, कवापासून!"

मी वळले. धुक्यातून चेंडू तरंगत आला. शिवकन्येनं उघड्या डोळ्यांनी त्याला वाटेतच गाठलं, गुडघे वाकवले आणि त्याच्यासोबत मागे झुकत त्याला पोटाशी घेतलं. जराही आवाज झाला नाही.

"घड उतरवून घेतेत तसं घेतलं," ती म्हणाली. "केळाला डाग पडू देत न्हाईत ना, तसं."

तिनं बाहीला नाक पुसलं, चेंडू परत फेकला आणि चार पावलं मागे सरकली.

"आरते, आता जोरात टाक."