बोंडावरच्या रेघा

"हल्ली भिंगंसुद्धा धड बनवत नाहीत लेकाचे!" सासरे पुटपुटले. शेजारी उभ्या सुनेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गेल्या महिन्याभरात त्यांनी बल्बला, शाईला आणि एकदा तर सूर्यालाही बोल लावला होता. आज भिंगाची पाळी.

ओट्यावर सासूबाईंची परात पाण्याने भरलेली. तिच्यात डेपोमागच्या डबक्यातलं वीतभर रोप तरंगत होतं. लालसर देठ, पानांच्या बगलेत मोहरीएवढी गुलाबी फुलं आणि दोन-चार बोंडं. पाण्यातलं रोप बाहेर काढलं की त्याचा लोळागोळा होतो, म्हणून सासऱ्यांनी खालून कागद सरकवला आणि रोप अलगद वर उचललं. हात अजून स्थिर होता.

"माझी परात कधी मोकळी होणार? कणीक काय डोक्यावर मळू?" सासूबाईंनी विचारलं.

"अगं, चार दिवसांचं रोप हे. डबकं आटलं की खेळ खलास, मग थेट पुढच्या वर्षी."

"मग काय, थांबते! चाळीस वर्षं तेच तर करतेय."

सासऱ्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दुसऱ्यांची नावं, हातभर अक्षरांत. आता कॉलेजातल्या बाईंच्या रानफुलांच्या पुस्तकात त्यांची चित्रं येणार होती आणि पहिल्यांदाच स्वतःचं नाव. शेवटचं चित्र संध्याकाळी छपाईला जायचं होतं. फुलाचं नाव तेवढं ठरायचं होतं. बाईंनी खूण सांगून ठेवली होती: बोंडावर बारीक आडव्या रेघा असल्या तर रोटाला, नसल्या तर अमानिया.

सासऱ्यांनी बोंड पार नाकाशी नेलं. "गुळगुळीत आहे. अमानिया! लिही गं."

सुनेने भिंग घेतलं. रेघा होत्या, फणीने विंचरल्यासारख्या. तिने भिंग सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाईंनी बोंडाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मला बाई यातलं काय कळतंय," म्हणत त्या परात घासायला निघून गेल्या.

सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सासऱ्यांना तिने दोनदा खुर्चीत बसवलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी तक्त्याची शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणून दाखवली. म्हणणारच. तो तक्ता त्यांनीच रंगवला होता. हे तिला माहीत होतं, त्यांनाही, तरी "वा, नजर शाबूत!" म्हणून दोघांनी मजेत चहा घेतला होता.

तिने पेन उघडलं. अमानिया लिहिलं की आज घरात सगळे खूश. उद्या पुस्तक उघडून जाणकार हसतील, आणि ते हसू बाबांच्या नावाला कायमचं चिकटेल. तेही पहिल्यांदाच छापलेल्या नावाला.

"लिहिलंस?"

तिने टोपण लावलं.

"बाबा, रेघा आहेत. तुम्हाला दिसत नाहीयेत."